ओट्याच्या दोन खुणा

१८ सप्टेंबर, शनिवार

आर्वोची होडी आज पाण्यात टाकली. टाकली म्हणजे ऑरेस्टने आणि ग्लेनने टाकली, मी काठावर उभी राहून दोघांना शिव्या घातल्या. ऑरेस्ट आर्वोचा मित्र, लाकडाच्या गिरणीत दोघं एकाच पाळीला असायचे. ग्लेन आमचा मुलगा, शहरात असतो, दोन तासांची गाडी मारून येतो. दोघांची समजूत अशी की आता मी मधल्या फळीवर घोंगडी पांघरून बसेन आणि त्यांना कॉफी ओतून देईन. इंजिनाचा दांडा माझ्या हातात राहणार, हे मी पाण्याला होडी लागायच्या आधीच सांगून टाकलं. ऑरेस्ट म्हणाला, 'तुझ्या हातातून काही काढून घ्यायची कुणाची छाती आहे, आयली?'

आर्वो, माझा नवरा, मार्चमध्ये गेला. जमीन दगडासारखी गोठलेली, पुरायला मे उजाडला. मेल्यावरही या माणसाने मला ताटकळत ठेवलं.

ओटा म्हणजे आमची जागा. पाण्याखाली एक सपाट उंचवटा आहे. शरदात पाणी गार पडलं की वॉलआय मासे तिथे येऊन एकावर एक रचल्यासारखे उभे राहतात. तळं एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि ओटा आमच्या अंगणाएवढा. तो सापडतो दोन खुणांनी. काठावरच्या दोन वस्तू एकामागे एक आल्या की एक रेघ. दुसऱ्या काठावर तशीच दुसरी. दोन्ही रेघा जुळल्या की नांगर सोडायचा. एकच खूण ठाऊक असेल तर माणूस दिवसभर त्या रेघेवर चकरा मारील आणि रिकाम्या हाताने घरी येईल. खुणा कोणत्या ते इथेही लिहिणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आमच्या तळ्यावर माणूस घर नावावर करून देईल, खूण देणार नाही. आर्वोने मला पहिली दिली ती लग्नानंतरच्या शरदात. दुसरीसाठी अकरा वर्षं थांबले. दिली त्या दिवशी मी घरी येऊन न्हाणीघरात एकटीच रडले होते. अंगठी घातली तेव्हा रडले नव्हते.

ग्लेनकडे पहिली आहे, बापाने दिलेली. दुसरीचं आर्वो दवाखान्यात म्हणाला, 'या शरदात त्याला दे. पाण्यावर दे, घरात नको.' देईन की. पण घाई काय आहे? एकदा दिली की या म्हातारीला होडीत कोण घेतंय? आर्वोच्या मागे माझ्याकडे उरलंय काय, तर पेन्शन, गुडघे आणि ती खूण.

२५ सप्टेंबर, शनिवार

पहिली फेरी. टॅमरॅकची झाडं पिवळी पडलीत. हात बधिर होतील असा वारा.

ऑरेस्ट नेहमीप्रमाणे मधल्या फळीवर उलटा बसला, तोंड माझ्याकडे, पाठ पुढे. तीस वर्षं तो असाच बसत आलाय. खुणा दिसू नयेत म्हणून नांगर पडेपर्यंत वळून बघत नाही, उतरतानाही मान खाली. कुणी त्याला सांगितलं नव्हतं, पहिल्या दिवशी आपणच तसा बसला. ग्लेन पुढे नांगर धरून. मी दोन्ही रेघा जुळवल्या, 'सोड' म्हटलं, त्याने सोडला. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. मी आमिषाच्या मिनोंच्या बादलीत हात घातला. लहान माशांच्या गडबडीत माणसाला बघितलं नाही असं करता येतं.

मासे होते. सावकाश, जड, तळाशी ओढणारे. शरदाचा वॉलआय झटका देत नाही, नुसता जड होतो. दुपारी सपाट खडकावर चूल मांडली, डुकराच्या चरबीत मासे तळले, बटाटे, कांदा, डब्यातले वाल. ऑरेस्टने ताटात वाल आणि बटाटेच घेतले. त्याचं पायाच्या अंगठ्याचं दुखणं, डॉक्टरने मासा कधीचाच बंद केलाय.

मी त्याला छेडलं. म्हटलं, 'आता सोंगं करतोस. दर गुरुवारी आर्वोबरोबर यायचास आणि अर्धे मासे उचलून न्यायचास. आर्वो सांगायचा मला, ऑरेस्ट शेपटीसुद्धा सोडत नाही म्हणून.'

ऑरेस्ट चुलीतलं लाकूड सारत म्हणाला, 'हो, न्यायचो.'

ग्लेन हसला. 'काका, तुम्ही तर खातच नाही.'

'शेजाऱ्यांना द्यायचो.'

'वा रे दानशूर,' मी म्हटलं. भांडी घासताना आठवलं, ऑरेस्टचं शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडण आहे, वर्षानुवर्षं बोलणं नाही. असेल पलीकडचा कुणी.

२ ऑक्टोबर, शनिवार

ओट्यावर होडी होती.

जवळ नाही, बाजूला नाही, ओट्यावर. हिरवी होडी. माझ्या दोन्ही रेघा तिच्या डोक्यावरून जात होत्या. आत एकटी बाई, पांढऱ्या केसांची वेणी घातलेली, नांगर टाकून निवांत गळ सोडून बसलेली. अपघाताने कुणी तिथे पोचत नाही. वाऱ्याने वाहत आलेला माणूस दोर किती सोडायचा ते शोधत बसतो, हिचा दोर बेताचा सुटलेला.

दुसऱ्याची होडी दिसत असताना आपल्या जागेकडे बघायचंसुद्धा नाही, ही रीत. मी इंजिन कमी केलं नाही, सरळ तिच्या बाजूने पुढे गेले, जशी काही पलीकडच्या बेटावर आमची आत्या राहते. ती आमच्या होडीकडे बघत राहिली. आमच्याकडे नाही, होडीकडे. मग ग्लेनकडे. बसल्या जागेवरून अर्धी उठली आणि परत बसली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

'आई, ती रडतेय का?' ग्लेन म्हणाला.

'वारा आहे. तुझ्याही डोळ्यांतून पाणी येतंय.'

ऑरेस्ट उलटा बसलेला, त्याला ती दिसली आम्ही पुढे गेल्यावर. त्याचा चेहरा पिठासारखा झाला. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, थंडी वाजतेय, परत फिरूया. एवढ्या वर्षांत ऑरेस्टला थंडी वाजलेली मी पहिल्यांदा ऐकली.

आता लिहितेच. ऑरेस्टनेच तिला सांगितलं असणार. आमच्या तिघांखेरीज या होडीत बसलेलं दुसरं आहेच कोण?

४ ऑक्टोबर, सोमवार

ल्यूसिएनच्या दुकानात गेले. आमिष, गळ, दोऱ्या आणि गावच्या उचापती, सगळं त्याच्याकडे मिळतं. म्हटलं, हिरवी होडी कुणाची?

'हिरव्या होड्या खूप आहेत.'

'पांढरी वेणी.'

त्याने मिनोच्या टाकीत जाळी घातली आणि बराच वेळ ढवळत बसला. 'मॉरीन असेल. खाडीपलीकडे राहते. वृद्धाश्रमात स्वयंपाक करते. मॅनिटोबाकडून आली होती, झाली बरीच वर्षं. गुरुवारी आमिष न्यायला येते.'

'गुरुवारीच का?'

'गुरुवारी तिची सुट्टी असेल. मला काय माहीत, आयली? हे घे, मिनो जास्त टाकलेत तुला.'

ल्यूसिएनने आजवर कुणाला एक मासा जास्त टाकलेला नाही. दुकानात आणखी दोघं उभे होते, तेही अचानक गळांचे रंग बघायला लागले. सगळ्या गावाला ठाऊक दिसतंय की ऑरेस्टने आम्हाला विकलं. मला सांगायला तेवढं तोंड नाही कुणाला. गुरुवारी आर्वोबरोबर यायचा आणि तिथून येऊन त्या बाईला सांगायचा. ओल्गा गेल्यापासून विधुर माणूस, वेणी बघून पाघळला असेल.

६ ऑक्टोबर

ग्लेनचा फोन. इकडचं तिकडचं, मग म्हणाला, 'आई, बाबांनी म्हटलं होतं ना, या शरदात.'

मी म्हटलं, 'आधी चोर सापडू दे. दार उघडं असताना किल्ली कशाला देऊ तुला?'

'चोराचा आणि माझा काय संबंध?'

'थांब थोडं. मी अकरा वर्षं थांबले.'

'हो, सांगितलंयस तू.' आणि ठेवला. हल्ली याला माझ्या प्रत्येक वाक्यावर 'सांगितलंयस तू' म्हणायची सवय लागलीय.

९ ऑक्टोबर, शनिवार

आज हिरवी होडी नव्हती. मासे मनापासून धरता आले नाहीत, डोक्यात तेच. चूल मांडली, चरबी वितळली, आणि मला राहवलं नाही.

म्हटलं, 'ऑरेस्ट, मॉरीन कशी आहे?'

त्याच्या हातातला सुरा थांबला. 'कोण?'

'सोंग पुरे. तिला ओटा कुणी दाखवला?'

'मी कधी वळून बघितलं नाही, आयली. तुला माहीत आहे.'

'मला तुझी पाठ माहीत आहे. तुझे डोळे कुठे असतात ते मला काय ठाऊक? तीस वर्षं आमच्या होडीत बसलास, आमच्या चुलीवर जेवलास. कुंपणानेच शेत खाल्लं.'

ग्लेन म्हणाला, 'आई, बस कर.'

'तू मध्ये पडू नकोस. सांग ना ऑरेस्ट, तू नाही तर कुणी सांगितलं तिला? आर्वोने कबरीतून उठून सांगितलं का?'

ऑरेस्टने माझ्याकडे बघितलं. इतका वेळ तो माझ्याकडे कधी बघत नाही, नजर चुकवतो. त्याचे ओठ हलले, मला वाटलं आता कबूल करतोय. मग त्याने सुरा पुसला, म्यानात घातला आणि म्हणाला, 'बरं. मी सांगितलं असं धर.'

'धर काय? सांगितलंस की नाही?'

'सांगितलं.'

'मग आमच्या होडीत बसू नकोस.'

तो उठला आणि लाकूडतोड्यांच्या जुन्या रस्त्याने चालत निघाला. दुखऱ्या अंगठ्याने घरापर्यंत दुपार सरली असेल. ग्लेन त्याच्यामागे धावला, थोड्या वेळाने एकटाच परत आला आणि म्हणाला, 'काका म्हणतात, तू आईजवळ थांब.' मासे तसेच राहिले, बगळ्यांचे आणि कोल्ह्यांचे झाले.

माझं काय चुकलं? कबूल तर केलं त्याने.

११ ऑक्टोबर, थँक्सगिव्हिंग

आमचा कॅनडाचा थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरात, टर्की भाजली. ग्लेन एकटाच आला, बायकोला बरं नाही म्हणाला. ऑरेस्टची खुर्ची दरवर्षी भिंतीकडे असायची, ती मी वर नेऊन ठेवली तर ग्लेनने परत खाली आणून ठेवली. दोघंच जेवलो, तिसरी खुर्ची आमच्याकडे बघत.

जाताना म्हणाला, 'आता चोर सापडला. दे ना. उद्या सकाळी पाण्यावर जाऊ, मी एक दिवस रजा टाकतो.'

मी म्हटलं, आता पुढच्या शनिवारी. त्याने बूट घातले, वेलदोड्याचा पाव बांधून दिला होता तो विसरून गेला. मला कळत नाही का? कळतं. पण एकदा त्याच्या हातात गेलं की तो दोन शनिवार येईल, मग कामाचं कारण काढील, मग उन्हाळ्यात आपल्या मित्रांना घेऊन येईल आणि मला खिडकीतून हात करील. देणार आहे. शनिवारी नक्की.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

मुद्दाम गुरुवारी गेले. एकटीच. ती होतीच.

आज रीत गेली खड्ड्यात. मी इंजिन बंद केलं आणि होडी तिच्या होडीला लावली. तिने हात पुढे करून माझी कड धरली, आपटू नये म्हणून. गार पाण्याने फुटलेला हात, माझ्यासारखाच.

'त्या शनिवारी होडी दिसली,' ती म्हणाली. 'क्षणभर वाटलं, त्याचीच...'

'त्याची म्हणजे?'

'आर्वोची.'

आपल्या घरातल्या माणसाचं घ्यावं तसं तिने नाव घेतलं. मला अजून कळलं नव्हतं, किंवा कळलं होतं आणि मी त्याला दारात उभं केलं होतं. मी म्हटलं, 'ऑरेस्टने तुम्हाला किती वर्षांपूर्वी दाखवला हा ओटा?'

'ऑरेस्ट? त्याचे मित्र? मी त्यांना कधी भेटले नाही. आर्वो बोलायचा त्यांच्याबद्दल. आपल्यामुळे ऑरेस्टला खोटं बोलावं लागतं, म्हणायचा.'

'मग खुणा?'

तिने गळ वर घेतला. मग म्हणाली, 'तुम्ही आयली ना.'

'खुणा कुणी दिल्या?'

'आर्वोने.'

लोक अशा वेळी काय विचारतात मला माहीत नाही. किती वर्षं चाललं होतं, कुठे भेटायचात, माझ्यात काय कमी होतं, असलं काहीतरी विचारत असतील. मी विचारलं, 'कधी दिल्या?'

'पहिल्याच दिवशी.'

'दोन्ही?'

'दोन्ही. मी विचारल्याही नव्हत्या. मी बाहेरची, मला वाटलं इथे असंच दाखवतात सगळ्यांना.' मग माझं तोंड बघून म्हणाली, 'त्याचं एवढं असतं हे मला फार नंतर कळलं.'

ती आणखी बोलली. तो गेल्याचं तिला वर्तमानपत्रातून कळलं. पुरायच्या दिवशी ती आली नाही, तो दिवस तुमचा होता म्हणाली. आता यापुढे इथे येणार नाही, ही जागा तुमचीच आहे. मोठी दयाळू. तिने नांगर ओढायला घेतला, दोर भिजून जड झालेला, तिला ओढवेना. मी बसून बघितलं. पाच-सहा वेळा थांबून तिने तो वर घेतला आणि गेली.

मग मी माझा नांगर टाकला आणि मासे धरले. काय करणार? मासे तिथेच होते, त्यांना काय त्याचं. एकामागे एक लागत होते. मी प्रत्येकाला सोडवून परत पाण्यात टाकत होते आणि मोठमोठ्याने आर्वोला शिव्या देत होते. अकरा वर्षं, हरामखोरा. अकरा वर्षं मी तुझे मासे साफ केले, तुझ्या आईची घाण काढली, तुझं पोर वाढवलं, तेव्हा कुठे तुला खात्री पटली माझी. आणि तिची पहिल्याच दिवशी पटली. बायको होते म्हणून पारखून घेतलंस. तिला नुसतं बघितलंस.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

आता लिहायला हरकत नाही. पहिली खूण: पश्चिमेच्या फुटक्या कातळामागे जुन्या गिरणीची चिमणी. दुसरी: बेटाच्या टोकावरचं सीडरचं वाळलेलं झाड, मागच्या टेकडीच्या खाचेत.

हे मी आज सकाळी ल्यूसिएनच्या दुकानात सांगितलं, शनिवार-रविवारसाठी आलेल्या माणसांनी दुकान भरलेलं असताना. विनिपेगचे होते, अमेरिकेतले होते, आपले गावचे होते. मी म्हटलं, 'माझ्या नवऱ्याचा ओटा कुणाला हवाय?' आणि हसणं थांबल्यावर सांगितला.

पहिली सांगितली तेव्हा ल्यूसिएन गल्ल्यामागून बाहेर आला. 'आयली, गप्प बस, बाई. चल, तुला घरी सोडतो.'

मी दुसरी सांगितली.

गावची माणसं खाली बघायला लागली, मी भर दुकानात कपडे काढल्यासारखी. म्हाताऱ्या साउकोनेनने तर टोपी काढली. पाहुण्यांना लाज कसली? एका दाढीवाल्याने खिशातून पेन काढलं आणि विचारलं, 'चिमणी कातळाच्या डावीकडे धरायची की उजवीकडे?'

'उजवीकडे,' मी म्हटलं. 'आणि दोर जरा जास्त सोड, कडेला तळ उतरता आहे.'

बाहेर आले तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की घरापर्यंत गाणं गुणगुणत आले. तुझ्या त्या पहिल्या दिवसाची किंमत आता प्रत्येकाला आमिषाबरोबर फुकट मिळेल, आर्वो.

१६ ऑक्टोबर, शनिवार

धक्क्यावर उभी राहून दुर्बिणीतून बघितलं. ओट्यावर होड्याच होड्या. नांगराचे दोर एकमेकांत अडकलेत, माणसं वल्ह्यांनी एकमेकांना ढकलतायत. दोघं उभं राहून शिव्या देत होते, ऐकू येत नव्हत्या, पण हात दिसत होते. हे असंच आठवडाभर चाललं तर पुढच्या शरदात तिथे मासा औषधाला मिळायचा नाही. हलकेपणा कुठे गेला कोण जाणे.

ऑरेस्टकडे गेले. लाकडं फोडत होता. कुऱ्हाड खाली ठेवली नाही.

मी म्हटलं, 'मला कळलं.'

'गावाला कळलं तुला कळल्याचं.'

'तू का नाही बोललास? मी तुला चोर म्हटलं.'

'चोर म्हटलंस ते चाललं.' त्याने एक ओंडका उभा केला. 'गुरुवारी मी कुठे असायचो माहीत आहे? घरात. पडदे ओढून. तू दुकानाला जाताना माझ्या खिडकीत दिवा दिसू नये म्हणून. गाडी शेडमध्ये घालायचो. ओल्गा होती तेव्हा तिलाही गप्प बसवायचो. रेडिओ नाही, चुलीला धूर नाही. तुला कळू नये म्हणून.'

'मित्रासाठी एवढं करतात लोक?'

त्याने ओंडका फोडला. दोन्ही भाग उडून पडले ते उचलले नाहीत. 'मित्रासाठी,' तो म्हणाला. 'बरं.'

मी माफी मागितली. आयुष्यात दुसऱ्यांदा, पहिली कुणाची मागितली होती ते आठवत नाही. म्हटलं, पुढच्या शनिवारी ये, होडीत तुझी जागा आहे. तो म्हणाला, आता त्या होडीत बसायला कुणाला पाठ फिरवावी लागणार नाही, तर मी कशाला हवा? चिडून म्हणाला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

आर्वोने त्याला इतकी वर्षं वापरलं आणि याने वापरू दिलं, याचा अर्थ मला लागत नाही. पुरुषांची मैत्री, मला काय कळणार.

१७ ऑक्टोबर, रविवार

ग्लेन आला. काल का नाही आलास, विचारलं, तर म्हणाला, काल आलो होतो. अर्ध्यातून परत गेलो.

दारातच उभा राहिला. बूट काढले नाहीत. बारका असल्यापासून बूट घालून त्याने माझ्या फरशीवर पाऊल टाकलेलं नाही.

'आमिष घ्यायला ल्यूसिएनकडे थांबलो,' तो म्हणाला. 'तिथे विनिपेगचा कुणी दाढीवाला होता. मी कोण, त्याला काय माहीत. आपणहून सांगायला लागला, इथे एक भारी जागा कळलीय. गल्ल्यावर बोटाने रेघ काढून दाखवली. वाळलेला सीडर, टेकडीच्या खाचेत.'

मी म्हटलं, 'ग्लेन, मी देणारच होते. शनिवारी नक्की देणार होते.'

'नांगर मीच टाकायचो, आई. तू सोड म्हणालीस की मान वळवली असती तरी पहिल्याच दिवशी कळली असती मला. फोन काढून खूण करून ठेवायला दोन सेकंद लागतात.'

'मग का नाही केलीस?'

असं विचारायला नको होतं. त्याच्या तोंडाकडे बघून कळलं, आणि तोंडातून गेलेलं परत घेता येत नव्हतं. त्याला बापाचं सांगावं, मॉरीनचं, पहिल्या दिवसाचं, सगळं सांगून टाकावं असं वाटलं. ते ऐकलं असतं तर त्याने मला समजून घेतलं असतं कदाचित. पण मग त्याच्याकडे बापही उरला नसता. एवढं तरी मी तोंड मिटून गिळलं.

'बाबा म्हणाले होते, आई देईल,' ग्लेन म्हणाला. 'मी थांबलो होतो.'

मी म्हटलं, बूट काढ, आत ये, कॉफी टाकते. तो नको म्हणाला. गाडी त्याने चालूच ठेवली होती.